गाडी जाऊ द्या

माय पावसाळ्याच्या तोंडावर गेली. तिचा आवाज आमच्यापैकी कुणाकडेच राहिलेला नाही. लग्नाच्या एका व्हिडिओत ती दिसते, पण तिथंही तोंडाला पदर लावून नुसती हसते. तिचं बोलणं मला आठवतं. आठवत नाही ती तिच्या पदातली एक जागा, आणि दिवाळीनंतर मला दुसरं काही सुचेनासं झालं.

पद एका जुन्या संगीत नाटकातलं. आमचं लहानपण मुदखेडला गेलं. गणपतीत गावातली हौशी मंडळी दरवर्षी तेच नाटक करायची आणि मंडप उभा राहायचा रुळांच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत. नायिकेचं काम टपाल कचेरीतले एक गृहस्थ करत. नवऱ्याची वाट बघणारी ती बाई पदाच्या तिसऱ्या ओळीत आली की नेमकी गाडी यायची. ते गायचं थांबवत, पेटीवाला सूर धरून ठेवी, आणि पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडे, "बाई, मालगाडी हाय, बसून घ्या!" सगळा मंडप हसे. माय हसत नसे. गाडी गेली की पुढचा शब्द ते फार खालून उचलत, जणू तोवर त्या बाईची आशाच सुटली होती.

घरी भाकऱ्या करताना माय तेच पद गुणगुणायची. तिसऱ्या ओळीत थांबायची. तव्यावरची भाकरी उलटायची, आणि मग तो शब्द, तसाच खालून. ते थांबणं पदातच आहे असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो.

ती गेल्यावर सकाळी फिरताना मी ते मनात म्हणायचो. थांबण्यापर्यंत नीट यायचं. एका सकाळी पुढचा शब्द तिच्यासारखा आलाच नाही. नंतरही आला नाही. मोबाइलवर त्या नाटकाचे तुकडे सापडले, त्यांत हे पद नव्हतं.

मग लातूरहून माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, फोन आला. "रविवारी दुपारी इथं तेच नाटक हाय. नव्यानं बसवलंय म्हणं. ये." मी नांदेडहून सकाळच्या बसनं निघालो. रस्ताभर वाटत होतं, मी मायला आणायलाच चाललोय.

नाट्यगृह अर्धं भरलं होतं. नायिका तरुण मुलगी होती, गळा तयारीचा. तिसरी ओळ आली आणि मी श्वास रोखून धरला. ती थांबली नाही. तान घेत सरळ वरच्या सुरात निघून गेली. टाळ्या पडल्या. मागून कुणी 'वन्स मोअर' म्हणालं. उठून नको म्हणावं असं वाटलं, पण तिनं ते पुन्हा म्हटलं आणि ते डोक्यात आणखी घट्ट बसलं.

बाहेर चहाच्या गाड्यापाशी अक्का म्हणाली, "लई गोड गायली, न्हाई?"

"अक्का, मायचं कसं होतं?"

"तेच की."

"तेच नव्हतं. माय तिसऱ्या ओळीत थांबायची."

"येड्या, ते गाडीसाठी थांबणं होतं. एवढी पुस्तकं वाचून तुला पदातली गाडी कळली न्हाई?"

"म्हणून दाखव."

"मी? लोक गोळा होतील की रे."

"म्हण गं अक्का."

माझ्या तोंडाकडं बघून तिचं हसू गेलं. कप ठेवून तिनं हळू आवाजात, बेसूर, सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. आणि ती थांबली. अगदी तिथंच. तिचा हातही तव्यावर जावा तसा पुढं गेला आणि उलटा झाला. तिनं तोंड उघडलं, आणि आली ती त्या मुलीची तान.

"असं न्हवतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा तीच तान आली.

"मावशी, चहा गार होऊन राहिला," चहावाला म्हणाला.

तिनं त्याला हातानंच गप्प केलं आणि आणखी एकदा म्हटलं. या वेळी थांबण्याच्या जागेवर आली आणि पुढं गेलीच नाही. हात तसाच उलटा, हवेत. डोळे माझ्याकडं, मी सांगेन म्हणून.