कागद उलटा होता

कागद उलटा होता आणि मी वाजवत होतो.

सिविक सेंटरजवळच्या हॉलमध्ये आमच्या जॅझ बँडची रविवारची तालीम. ट्रॉम्बोनवाले दोघंच, मी आणि निखिल. दोघांना सुरावट एकच. सरांनी मध्येच हात वर केला. सगळे थांबले. सर माझ्यासमोर आले, स्टँडवरचा कागद उचलून सुलटा केला. चहाच्या सुट्टीत तो त्यांनीच उलटा ठेवला होता. मला कळलंच नव्हतं.

"बघितलंत?" सर सगळ्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमच्या लोकांना कान असतो. वाचणं तुमचं काम नाही. तू आपला निखिलकडे बघून वाजव."

"भैया, उल्टा था!" निखिल हसला. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

सर म्हणाले त्यात खोटं काय होतं? ट्रॉम्बोनची नळी पुढे-मागे सरकवली की सूर बदलतो. आमच्या वस्तीच्या जयंतीच्या बँडमध्ये सगळे दुसऱ्याची नळी बघूनच शिकले. बाबा त्यांच्या काकाची, मी बाबांची. आता निखिलची. त्याची हलली की माझी हलायची. कायम किंचित मागे.

मी निखिलवर जळायचो. सरळ सांगतो. नेहरू नगरच्या बंगल्यातला मुलगा, पाचव्या वर्षापासून पियानोची शिकवणी. नवा कागद आला की च्युइंगम गालात सरकवून पहिल्या नजरेत वाजवून मोकळा. त्याचं घर नको होतं मला. त्याचे डोळे हवे होते.

रसमड्याच्या कारखान्यात मी फिटर आहे. सोमवारी इंजिनिअरने टेबलावर ड्रॉइंग पसरलं, शेजारी तयार लोखंडी प्लेट. मी टेबलाच्या पलीकडे उभा होतो. मी प्लेटवर बोट ठेवलं. "साहब, ये छेद दो एमएम बाहर है।" तो चमकला. मी त्याच्याहून जास्त. ड्रॉइंग माझ्या बाजूने उलटं होतं. मी रोज उलटं वाचतो. मग वाचणं माझं काम नाही, हे ठरवलं कोणी?

घरी येऊन तालमीतला तोच सुरावटीचा कागद काढला. रेघा मोजत प्रत्येक सुराखाली नळीच्या जागेचा आकडा लिहिला. वाजवायला लागलो तर मी नुसते आकडेच वाचत होतो. पुन्हा पळवाट. सगळे खोडून टाकले. तेव्हापासून रोज एक नवा कागद. आधी टाळीवर ताल, मग फुंक. चुकलं तरी थांबायचं नाही.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "कावून रे, असा अडखळून वाजवून राहिला? तुले तर ऐकूनच येते."

"वाचून राहिलो, बाबा."

ते जवळ आले. कागदावरच्या त्या पाच रेघांकडे बराच वेळ बघत बसले.

पुढच्या रविवारी मी माझी खुर्ची उचलली आणि ड्रमच्या पलीकडे नेऊन ठेवली.

"हे काय?" सर म्हणाले.

"इथून निखिल दिसत नाही, सर."

"सगळ्यांची तालीम बिघडेल."

"बिघडू दे."

पहिल्याच ओळीत तीनदा चुकलो. पलीकडून निखिलचा सूर स्वच्छ येत होता. मी जळलो. अजून जळतो. पण खुर्ची तिथेच आहे आणि कोणी ती हलवायची नाही. यापुढे चुकेन तर माझ्याच डोळ्यांनी चुकेन.