न कळवता घेतलेलं पाणी

नव्वदच्या दशकात, नोकरीला नुकतीच लागले होते तेव्हा, मी सांगलीत एकटी राहत होते. प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या एका सरकारी ऑफिसात माझी नेमणूक होती. कुपवाडच्या कारखान्यांतून बाहेर पडणारं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि तपासायचं, हे माझं काम. घर फलटणला, बौद्ध वस्तीत. सांगलीत खोली शोधताना आडनाव ऐकल्यावर बऱ्याच जणांना ती आधीच कुणाला तरी दिल्याचं आठवलं होतं. एका मावशींनी मात्र आडनावच विचारलं नाही. “पोरी, पानी खालनं भराय लागंल. चालंल न्हवं?” एवढंच म्हणाल्या.

त्यांचे यजमान, म्हणजे काका, कुपवाडला कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला होते. संध्याकाळी मी परतले की मावशी खालून हाक मारायच्या आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात भाकरी खायला बसायचो. दिवसभरात माझ्याशी मोकळेपणानं कुणी बोलायचं ते तेवढंच. ऑफिसात मी एकटी बाई, आणि कारखान्यांत तर मला बघून माणसं बोलणं थांबवायची.

तपासणीला जायचं तर कारखान्याला आदल्या दिवशी फोन करायचा, अशी आमच्याकडची रीत होती. साहजिकच आम्ही जायचो तेव्हा पाणी नितळ असायचं. एरवी मात्र ते ज्या नाल्यात जायचं, तो कधी लाल, कधी जांभळा. काठच्या विहिरींच्या पाण्याला जनावरंही तोंड लावत नव्हती. शेवटी मी साहेबांना विचारलं, “आदल्या दिवशी कळवायलाच हवं असं कायद्यात कुठं आहे?”

“कुठंच नाही,” ते म्हणाले. “पण आजवर असंच चालत आलंय.”

“मग बंद करू या की, साहेब.”

त्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, “करू. पण पहिल्यांदा तू जायचं. आणि बाहेर कुणाला कळता कामा नये.”

त्यांनी ठरवला तो नेमका मावशींच्या यजमानांचा कारखाना. आदल्या संध्याकाळी मी नेहमीसारखी काकांच्या शेजारी जेवायला बसले. अर्धी भाकरी ताटातच राहिली. मावशींनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाले.

सकाळी ऑफिसातला शिपाई घेऊन मी पोचले तेव्हा रंगाचं पाणी सरळ नाल्यात चाललं होतं. मॅनेजरसमोर बाटल्या भरल्या, सील केल्या. काका हौदापाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळख न दाखवता पुन्हा कामाला लागले. पाणी शुद्ध करायची यंत्रणा चालू होईपर्यंत कारखाना बंद ठेवायचा हुकूम निघाला. काका घरी बसले.

खालून हाक येईना. मीच एकदा खाली गेले. मावशी भाजी निवडत होत्या.

“तुझं काम तू केलंस, त्येला मी नावं ठेवत न्हाई,” त्या म्हणाल्या. “पर माझ्या घरात जेवत हुतीस. मला आदल्या दिवशी सांगितलं असतंस तर?”

“सांगितलं असतं तर काका गप्प बसले असते का, मावशी?”

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. “न्हाई, गप बसलं नसतं. खरं हाय तुझं,” म्हणाल्या, आणि भाजी घेऊन आत गेल्या.

कारखाना पुढं सुरू झाला, यंत्रणेसकट. काका कामावर परतले. न कळवता जायची रीत आमच्या ऑफिसात टिकली आणि नाला बराच सुधारला. मावशी माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत. पाणी आलंय, विजेचं बिल आलंय, हे सांगायच्या. जेवायला मात्र पुन्हा बोलावलं नाही. मी स्टोव्ह घेतला आणि एकटीपुरतं शिजवायला शिकले.

नंतर साताऱ्याला बदली झाली. तिथली घरमालकीण बोलकी होती. पहिल्याच दिवशी ताट वाढून वर आली. मी विचारलं, “घरात कुणी कारखान्यात कामाला आहे का?”

“हायत की, आमचा थोरला.”

तेव्हापासून ती बोलवायची तेव्हा मी जेवून आलेय असंच सांगत राहिले.