गेटवरचा फ्लेक्स

माझ्या घरात मोबाईलला रेंज फक्त मागच्या दारच्या पायरीवर येते. त्यामुळे कोण कोणाशी काय बोलतं ते मला चुलीपाशी ऐकू येतं. ऐकायची हौस नाही, पण कान झाकून भात शिजवता येत नाही.

मी चौथी शिकले. नवरा वारला, मुलगा पनवेलला गेला, तेव्हा दोन खोल्या फार्मसी कॉलेजच्या मुलींना दिल्या. कॉलेज रेवदंड्याहून रिक्षाने दहा मिनिटं. मुली येतात, शिकतात, जातात. पहिल्या दिवाळीला फोन करतात, दुसऱ्या दिवाळीला करत नाहीत. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

त्यांच्यात एक सुदानची होती. उंच, सावळी, डोक्याला रुमाल. सुरुवातीला आळीतल्या बायका तिला बघायला यायच्या आणि माझ्याकडे मीठ मागायच्या. मीठ सगळ्यांच्या घरात होतं. ती हिंदी कॉलेजात शिकली आणि मराठी माझ्याकडे, म्हणजे मी बोलते तशी. “न्हाय आजी, पोट भरला हाय,” असं ती म्हणाली की बाकीच्या मुली हसून लोळायच्या.

ती तिसऱ्या वर्षाला असताना तिच्या देशात लढाई पेटली. तिची आई आणि दहा वर्षांचा भाऊ ज्या शहरात होते तिथेच. बाप आधीच नव्हता. आधी फोन तुटत लागायचा, मग लागेनासा झाला. बाकीच्या मुली शेवटच्या वर्षाच्या, त्या परीक्षेच्या अभ्यासाला आपापल्या घरी गेल्या होत्या. घरात आम्ही दोघीच. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ती पायरीवर बसून एकच नंबर दाबायची. पलीकडून एक बाई तिच्या भाषेत काहीतरी सांगायची, दर वेळी तेच.

“काय म्हणते ती?”

“नंबर बंद हाय म्हणते.”

तीन आठवडे मी त्या बाईला ऐकलं.

मग कॉलेजच्या विद्यार्थी संघटनेची पोरं आली. पाच मुलगे, एक मुलगी, तीन मोटारसायकली. अध्यक्ष पेणचा, गळ्यात चेन, तोंडाने गोड. मी कोकम सरबत दिलं.

“आजी, आमची बहीण आहे ती. संघटना गप्प बसणार नाही,” तो म्हणाला.

“बरं. मग काय करणार?”

“निवेदन देणार. मग शोकसभा घेणार. सगळं कॉलेज बंद ठेवू.”

“कॉलेज बंद ठेवून तिचा फोन लागेल का?”

पोरं हसली. तोही हसला. “आजी, तुम्ही आमच्या संघटनेत या.”

खोटं कशाला सांगू, त्यांनी काही कामं केली. तिचं एक प्रॅक्टिकल राहिलं होतं, ते प्राचार्यांकडे जाऊन पुढे ढकलून घेतलं. त्यांच्यातली मुलगी फारसं बोलायची नाही, पण पुण्यात सुदानच्या विद्यार्थ्यांची वेगळी संघटना आहे हे तिनेच शोधून काढलं. सरहद्द ओलांडून बाहेर पडलेल्या माणसांच्या याद्या त्यांच्याकडे येत होत्या. ही मुलगी रोज पुण्याला फोन करायची. विचारायला सोपं जावं म्हणून तिने सुदानच्या पोरीकडून तिच्या आईचा आणि भावाचा फोटो मागून घेतला. आई खुर्चीत बसलेली, भाऊ मागे उभा, हात तिच्या खांद्यावर.

चार दिवसांनी सुदानची पोर कॉलेजातून चालत घरी आली. रिक्षा होत्या, तरी चालत. पायरीवर बसली, फोन बाजूला उलटा ठेवला.

“आजी, आई गेली. भाऊ पन.”

“कोणी सांगितलं?”

“गेटवर फ्लेक्स लावलाय.”

तिला मराठी वाचता येत नव्हतं. पण आमच्याकडे नाक्यानाक्यावर फ्लेक्स असतात, फोटोभोवती फुलं, खाली समई. पहिल्याच वर्षी तिने मला विचारलं होतं, हा कोण मोठा माणूस? मी सांगितलं होतं, मोठा नाही, मेलेला. माणूस मेला की असा लावतात.

मी तिला आणखी काही विचारलं नाही. इथे माझं चुकलं. पण आमच्याकडे जिवंत माणसाचा तसा फ्लेक्स कोणी लावत नाही, त्यामुळे मला शंकाच आली नाही. संघटनेला पुण्याहून कळलं असणार आणि हिला तोंडावर सांगायची छाती कोणाची झाली नसणार, असं मी धरून चालले. मी तांदूळ धुवून ठेवले होते ते तसेच झाकले. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारणीला सांगितलं, तिने भाकरी आणि पिठलं आणून दिलं. आळीतल्या बायका आल्या, या वेळी मीठ न मागता. भिंतीला टेकून बसल्या. मी तिच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हटलं, दोन घास खायचे असतात. तिने खाल्ले. मी सांगितलं म्हणून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा करून कॉलेजला गेले. निदान ती दोघं कोणत्या दिवशी गेली एवढं तरी तिला कळायला हवं होतं.

फ्लेक्स गेटवर होता. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मधे आई आणि भाऊ, भोवती झेंडूची फुलं. खाली ‘शोकाकुल’ आणि अध्यक्षासकट सहा जणांचे फोटो, हात जोडलेले. एकाने गॉगल काढला नव्हता. अध्यक्ष तिथेच उभा होता.

मी विचारलं, “कधी वारली ती दोघं?”

“कोण, आजी?”

“ही. ज्यांना हार घातलास ती.”

त्याने वर बघितलं. “ते... त्या देशातल्या सगळ्या मृतांसाठी आहे, आजी. शोकसभेचा. फ्लेक्सवाला म्हणाला मधे फोटो लागेल. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाच होता.”

“म्हणजे हे मेल्याचं तुला कोणी सांगितलेलं नाही.”

“नाही.”

“मग उतरव.”

“आजी, सभा अकराला आहे. प्राचार्य येणारेत...”

“ती काल सुतकाचं जेवण जेवली. मी वाढलेलं. तू उतरवतोस की मी चढू?”

तो गेटवर चढला. दोऱ्या सुटेनात, दातांनी सोडल्या. संघटनेतली ती मुलगी खाली उभी राहून रडत होती. मी तिला म्हटलं, रडू नको, पुण्याला फोन कर. फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून मी घरी आले.

ती पायरीवर होती. मी म्हटलं, “मेलेली न्हाईत. पोरांची चूक.”

“मग जिती हायेत?”

“ते माहीत न्हाय.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात पुष्कळांना मयत सांगितलंय, ते जमतं. दिलेलं मयत परत घ्यायचं आणि बदल्यात हातात काही ठेवायचं नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा करावं लागलं. मी आत जाऊन चूल पेटवली. पायरीवर परत फोनमधली ती बाई बोलायला लागली.

नवव्या दिवशी पुण्याहून फोन आला. एका यादीत भावाचं नाव होतं, गाव आणि वय जुळत होतं. तो चुलत्याबरोबर इजिप्तमध्ये पोचला होता. आईचं नाव त्या यादीत नव्हतं, पुढच्याही यादीत नव्हतं.

परीक्षा झाल्यावर ती पुण्याला गेली. तिथे तिच्या भाषेतली माणसं आहेत. मी थांब म्हटलं नाही. माझ्याशी ती काय बोलणार होती?

जाण्याआधी तिने माझी कात्री मागितली. मागच्या अंगणात फ्लेक्स पसरला, आई आणि भाऊ कडेकडेने कापून घेतले आणि गुंडाळी करून बॅगेत भरले. म्हणाली, एवढा मोठा फोटो तिच्याकडे नव्हता.

उरलेला फ्लेक्स मी सरपणावर टाकलाय. झेंडूची फुलं आहेत, सहा जण हात जोडून आहेत. मधल्या भोकातून पाणी येतं, तेवढी लाकडं भिजतात. ती रविवारी फोन करते. मी पायरीवर जाऊन घेते. जेवलीस का, विचारते. आईचं विचारत नाही. कळलं तर ती सांगेल.