भट्टीच्या पायाशी नारळ

दसऱ्याला सकाळी साकीनाक्याला गेले होते, माझी लेक प्राजक्ता काम करते त्या गाळ्यावर. पूजेला घरच्यांनाही बोलावतात तिथे. मुलुंडहून एक रिक्षावाला यायला तयार नाही, त्यामुळे पोचेपर्यंत डोकं तापलेलं...

प्राजक्ता धातूंची इंजिनियर आहे, मेटलर्जी म्हणतात त्याला. मी सातवीपर्यंत गेलेली, मला समजलं तसं सांगते. भट्टीत पावडर वितळवतात, वरून एक छोटा खडा त्याला टेकवतात आणि अगदी सावकाश वर ओढतात. त्याला चिकटून मोठा खडा वाढत जातो. पाकात दोरा सोडून खडीसाखर करतात ना, तसंच. फक्त हे खडे लेझरच्या मशीनला लागतात आणि वाढायला कित्येक दिवस घेतात.

या भट्टीसाठी तिने आधी आतली झाकणं शोधून काढली. पातळ पत्र्यांची, एकात एक बसणारी, उष्णता एकसारखी ठेवणारी. खडे तडकायचे थांबले, त्या दिवशी घरी येऊन वाटीभर श्रीखंड खाल्लं आणि झोपली. एवढंच सेलिब्रेशन.

पण गेल्या दसऱ्याला वाट लागली. बाकीची मशीनं बंद ठेवून पुजतात, ही भट्टी बंद करता येत नाही, आत खडा अर्धा वाढलेला असतो. ही सांगत होती, इथे नारळ आपटू नका, हादरा बसेल. मालक हसले आणि भट्टीच्या पायाशीच फोडला.

खडा आतून दुधाळ निघाला. आणि बोल कोणाला? हिलाच. हिला देवाधर्माचं वावडं, म्हणून असं झालं म्हणे. मी तिथे असते तर चांगलं ऐकवलं असतं.

ही भट्टीखाली घालायच्या स्टँडच्या मागे लागली. कुठला धातू हादरा गिळतो, कुठला पुढे ढकलतो... चकत्या करून घ्यायची, बसवायची, परत काढायची. जेवताना मी भांडं आपटलं तरी टेबलाला हात लावून बघायची. मी वैतागायचे नुसती.

या दसऱ्याला भट्टी त्या स्टँडवर उभी होती, आत खडा वाढत होता. आणि आता मालकच म्हणाले, नारळ बाहेर गेटवर फोडू, आत नको.

प्राजक्ता म्हणाली, "सर, इथेच फोडायचा. आई फोडेल."

"अगं, आत माल आहे. गेला तर?"

"बाहेरून दिवसभर ट्रक जातात, ते थांबवणार आहात का? नारळाला घाबरायचं तर स्टँड केला कशाला?"

मालकांनी नारळ माझ्या हातात दिला. मग मला म्हणाली, "आई, हळू नको हं. घरी आपटतेस तसा आपट."

खरं सांगते, खडा बिघडला असता तर परत हिच्याच माथी, आणि या वेळी तर फोडणारी हिचीच आई. मग स्टँडही भंगारात आणि पोरीचं नावही.

ऑपरेटर म्हणाला, "मावशी, धीरे ना यार." मी म्हटलं, "तू गप रे." पदर खोचला आणि आपटला... पाणी थेट मालकांच्या बुटावर.

सगळे स्क्रीनकडे. तिथे एक रेघ चालू असते, हादरा पोचला की उडते. ती आपली सरळ चालत राहिली. प्राजक्ता वाकून बराच वेळ बघत होती, मग खोबऱ्याचा तुकडा उचलून खायला लागली.

काल खडा बाहेर काढला. तिने फोटो पाठवलाय, हातमोज्यावर ठेवलेला, आरपार बोटं दिसतात. मालक आता बाकीच्या भट्ट्यांनाही तोच स्टँड करून मागतायत.

एरवी नारळ फोडताना मी देवाकडे काही ना काही मागतेच. त्या दिवशी एवढंच म्हटलं, तू मध्ये पडू नकोस... माझ्या पोरीने काय केलंय ते नुसतं बघ.