वहिनीची पिकोची ट्रॉली

वहिनीच्या ट्रॉलीतली बॅटरी भर दुपारीच का बसते, हे शोधण्यात माझा अख्खा मार्गशीर्ष गेला.

ट्रॉली आमचीच, कापूस वाहायची. पण कापसात हाती काही उरेनासं झालं होतं, आणि भाऊ गेल्यावर ट्रॅक्टरही गेला. ही तेवढी गोठ्यापाशी पडून होती. मी तिच्यावर पत्र्याचं छप्पर चढवलं, बाजूला खिडकी काढली आणि आत वहिनीची पिको-फॉलची मशीन बसवली. छपरावर सोलरची प्लेट, खाली बॅटरी आणि इन्व्हर्टर. माझ्या जुन्या जीपला जोडून आम्ही दोघं बोरी अरब, दारव्हा असे आठवडी बाजार करायचो. लोडशेडिंगमुळे बाजारात कुणाकडेच वीज नसायची, त्यामुळे वहिनीच्या खिडकीपाशी बायांची गर्दी. त्या वर्षांत नवी साडी फार कुणी घेत नव्हतं. जुन्या साडीला नवा फॉल लावून लग्नं साजरी होत होती, आणि त्यावर वहिनीचं चालत होतं.

बाबांना मात्र हे मुळीच पसंत नव्हतं. भाऊ विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून गेला होता. स्टार्टरच्या पेटीत पाणी शिरलं होतं आणि त्यानं बटणाला हात लावला. तेव्हापासून बाबा वायरीजवळून जातानाही अंग चोरायचे.

"संक्रांतीपरेंत पाहू," ते मला म्हणाले होते, "नाई जमलं तं ट्रॉली मोडीत देऊ. सूनबाईनं घरीच राहावं."

वहिनीनं सासऱ्याला उलट उत्तर दिलं नाही. गोठ्यात येऊन मला मात्र स्पष्ट सांगितलं, "भाऊजी, मले घरात बसवून ठेवलं तं मी येडी होईन. हे चाललंच पायजे."

सुरुवातीचे बाजार झकास झाले. मग मशीन दुपारी रेंगाळायला लागली. पुढे पुढे तर जेवणाआधीच इन्व्हर्टर टिटिट करून गप्प. बाया साड्या काखेत मारून परत जायच्या आणि वहिनी मला चिडवायची, "काहून जी भाऊजी, तुमच्या सूर्याले दुपारची झोप लागते का?" चिडवायची, पण संक्रांत जवळ येत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

मी स्वतःला मोठा इंजिनियर समजत होतो. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खरवडली, डिस्टिल्ड पाणी भरलं, वायर बदलली. प्लेटमधून बॅटरीत वीज सोडणारा कंट्रोलर विकणाऱ्या दुकानदाराशी बाजारात कडाक्याचं भांडलोही. गडी बिचारा निर्दोष होता. शेवटी दारव्ह्याला बॅटरीचं काम करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी बॅटरी आपल्याकडे ठेवून चार्ज करून दिली आणि त्या बाजारात मशीन संध्याकाळपर्यंत चालली.

"बेटा, बॅटरी चांगली हाय," चाचा म्हणाले, "भुकी हाय बस. तिले वरूनच खायला भेटून नाही राह्यलं."

वर म्हणजे प्लेट. खालून ती चकाकताना दिसायची, म्हणून मी बसवल्यानंतर पुन्हा छपरावर चढलोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून चढलो आणि काचेवर हात ठेवला, तर तळवा चिकटला. पिवळसर, चिकट थर, आणि त्यात जिनिंग मिलपाशी उडणारा कापसाचा बारीक रुवा घट्ट बसलेला. वास घेतला. जवसाचं तेल.

आमच्याकडे जू असो, कोळपणीचा डवरा असो की गाडीचं चाक, लाकडाला जवसाचं तेल चोळतात. ते सुकलं की पाणी आत जात नाही. आणि घरात हे काम फक्त बाबा करायचे.

माझं डोकंच फिरलं. शिडीवरूनच ओरडलो, "बाबा! तुमाले ट्रॉली मोडीत द्याचीच होती तं सरळ सांगाचं न! असं चोरून कायले?"

वहिनी चुलीपुढून उठून दारात आली. बाबा गोठ्यातून बाहेर आले. हातात तेलाचं फडकं तसंच होतं.

"दहिवर पडते न बापा थंडीचं," ते म्हणाले. "पाणी आत जाऊ नये म्हून रोज पाहाटे लावतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याच्या स्टार्टरले कोनी लावलं नवतं."

मला शिडीवरून खाली उतरता येईना. इतकी लाज मला आयुष्यात क्वचितच वाटली असेल. आणि बाबांची माया अशी पहाटे, कुणाला न सांगता काचेवर चोळली जात होती, याचं फार वाईट वाटलं.

वहिनीनं डोळ्यांना पदर लावला, पण क्षणभरच. बादलीत गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन आली आणि बाबांना म्हणाली, "मामाजी, हे धुवा लागते. शिडी धरा."

"पाण्यानं?" बाबा मागे सरकले.

"भाऊजी वायर काढून देतात न. धरा तुमी."

मी वायर सोडवून खाली उतरलो. ती चढली आणि सोड्याच्या पाण्यानं घासत राहिली. तेल सहज निघत नव्हतं. बाबांनी दोन्ही हातांनी शिडी धरली होती, पण वर बघत नव्हते. तिच्या पायांकडे बघत होते. ती उतरेपर्यंत त्यांनी शिडी सोडली नाही.

पुढचा बाजार बोरी अरबचा होता. आम्ही निघायच्या वेळी बाबा टोपी घालून जीपमध्ये येऊन बसले. बाजारात ट्रॉली लागली, मी वायर जोडली, वहिनीनं पहिली साडी मशीनखाली घेतली आणि बटणाकडे हात नेला.

"थांब," बाबा म्हणाले. ते ट्रॉलीत चढले, दोन्ही हात धोतराला कोरडे पुसले. "आधी मी दाबतो. काही झालं नाई, तं मंग तू."