आँव्हीचा ताप

माझ्या थोरल्या भावाला, पास्कूला, मी मारला. (विषानं नाही, कोयत्यानंही नाही. फ्रेंच व्याकरणानं!)

ठाण्याच्या खाडीकाठी आमची थोडी भातशेती होती. वडील नव्हते. पास्कू मुंबईच्या बंदरावर कामाला गेला आणि तिथून एका फ्रेंच आगबोटीच्या भटारखान्यात लागला. त्याला अक्षरओळख नव्हती. म्हणून बोटीवरचा कारकून आम्हाला पत्र लिहायचा, तेही फ्रेंचमध्ये! कारण त्याला तेवढंच येत होतं. आमच्या देवळातले (आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो) म्हातारे पाद्रीबाबा फ्रान्सात शिकून आलेले. ते पत्र वाचून दाखवायचे. 'तुमचा मुलगा बरा आहे.' बस्स! आई तेवढंच चारदा वाचून घ्यायची, आणि पाचव्यांदा विचारायची लाज वाटायची म्हणून घरी यायची.

"मीच शिकतो फ्रेंच," मी जाहीर केलं. "मग रात्रंदिवस वाचून दाखवीन!"

पाद्रीबाबांनी व्याकरणाचं पुस्तक दिलं. त्याची पुढची निम्मी पानं वाळवीनं खाल्लेली. 'करतो', 'करत होता' वगैरे सगळे काळ तिच्या पोटात! उरला होता तो फक्त पुस्तकी भूतकाळ. झालं, संपलं, मिटलं अशा गोष्टींचा. तोंडानं तो कुणी बोलत नाही म्हणे. मला काय त्याचं! नमुन्याला क्रियापद होतं 'मरणे'. मी ओटीवर बसून घोकायला लागलो. मी मेलो, मूर्यू! तू मेलास, मूर्यू! तो मेला, मूर्यू!

"काय मुरतंय रं एवढा?" आई आतून ओरडली. "लोनचा घातलास का?"

महिनाभरानं पाद्रीबाबा आठवड्यासाठी वसईला गेले, आणि नेमकं पत्र आलं. अंगणात अख्खी आळी जमली. कल्याणहून आलेली आत्या पुढंच बसली. मी घसा खाकरून पत्र उघडलं आणि पहिल्याच ओळीत अडखळलो. 'मूरे'! हे 'मूर्यू'च असणार. कारकुनाचं शुद्धलेखन कच्चं. (माझं पक्कं!) त्याच्यापुढे 'आँव्ही' असं काहीतरी होतं, आणि मग 'आई'चा फ्रेंच शब्द.

"आई," मी म्हणालो, "पास्कू गेला. आँव्हीनं."

"आँव्ही म्हंजे?"

"ताप असतो. तिकडचा."

आई रडली नाही. माझ्या हातातून पत्र घेतलं, पदराच्या गाठीत बांधलं आणि खाडीकडे तोंड करून बसली. तिच्याजवळ जायची माझी हिंमत झाली नाही.

आळी मात्र कामाला लागली! "माझ्या नणंदेचा दीर आँव्हीनंच गेलेला," आत्या म्हणाली. "अंगावर चट्टे येतात." शेजारच्या मोनूमामांनी सांगितलं, गार पाण्यानं होते आँव्ही. दुसऱ्या दिवसापासून आळीत सगळे कढत पाणी प्यायला लागले. चौथ्या दिवशी दोघांना आँव्हीची लक्षणं दिसली! मोनूमामा तर अंथरूण धरूनच पडले.

सातव्या दिवशी देवळात पास्कूसाठी प्रार्थना होती. पाद्रीबाबा वसईहून परतले. त्यांनी पत्र मागितलं. आईनं गाठ सोडली. त्यांनी वाचलं, परत वाचलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"इनास, 'मूरे' म्हणजे मेला नव्हे. मरत होता. आणि आँव्ही म्हणजे ओढ! 'आईला पुन्हा बघायच्या ओढीनं तुमचा मुलगा मरत होता. म्हणून पुढच्या बोटीनं निघाला आहे.'"



"मंग ताप नाय?" आईनं विचारलं.

"नाही, बाई."

"हाय," आई म्हणाली. "मलाच हाय. तीन वर्सं झाली."

आळीला हे काही पटलं नाही (आँव्हीचे दोन रोगी समोर होते!), आणि आईनंही पोरगा दिसेपर्यंत काळं कापड सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात पास्कू पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन दारात उभा! आत्या किंचाळली. मोनूमामा (आँव्ही विसरून) कुंपणावरून उडी मारून पळाले. आईनं त्याला एक थोबाडीत दिली आणि मग असा धरला की सोडवेना.

"काळा कापड कोनासाठी नेसलीस गो?" त्यानं विचारलं.

सगळ्या आळीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

दोन महिने राहून पास्कू पुन्हा बोटीवर गेला. आई मला म्हणाली, "त्याला पत्र लिव."

"पाद्रीबाबांना सांग ना!"

"त्यांच्याम्होरं मनातला कसा सांगू? तू लिव. लवकर ये म्हनावं. पोटभर जेव. थंडीत भायेर झोपू नको."

'ये' कसं म्हणायचं ते वाळवीला ठाऊक! मला येत होता तो एकच काळ. मी लिहिलं: 'तू आलास. तू पोटभर जेवलास. तू थंडीत बाहेर झोपला नाहीस.'

"काय लिवलास? वाच."

मी मराठीत सांगितलं, "तू आलास."

आई माझ्याजवळ सरकून बसली. म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. त्या संध्याकाळी किती वेळा वाचलं, कुणास ठाऊक.

चार महिन्यांनी उत्तर आलं. पाद्रीबाबांनी वाचलं. (ते काम आता माझ्याकडे नव्हतं.) कारकुनानं लिहिलं होतं: 'तुमचं पत्र वाचून मी घाबरलो. पास्कू इथे बोटीवर, आणि पत्रात तो तुमच्याकडे आला, जेवला! पास्कूला विचारलं, तुझी आई भुताशी बोलते का? तो म्हणाला, छे! आई शहाणी आहे. माझा भाऊ फ्रेंच शिकलाय.'