सुक्या कपड्यांचा नियम

सर्व संबंधितांस गंभीरपणे कळवण्यात येते की, ब्रिटनमध्ये चार ऋतू असतात ही बातमी निराधार आहे. मी, निवृत्त लान्स कॉर्पोरल जाधव, मुक्काम लंडनजवळचं स्लाऊ, राष्ट्रकुलातून भरती होऊन या देशाच्या सैन्यात बारा वर्षं भिजलो आहे. माझा शब्द अखेरचा मानावा.

आमचं पोस्टिंग वेल्समध्ये होतं. अटलांटिकवरून येणारा पश्चिमेचा वारा तिथल्या डोंगरांना आधी धडकतो आणि जवळचं सगळं पाणी तिथेच टाकतो. स्लाऊला पोचतो तो उरलासुरला शिंतोडा. डोंगर उंचीला बेताचे. पण झाड नाही, आडोसा नाही, माथ्यावरसुद्धा दलदल. मी साताऱ्याकडचा. पहिल्याच दिवशी हसलो.

“याला डोंगर म्हणतात?”

“डोंगराला हस, जाधव,” कॉर्पोरल रीस म्हणाला. “वाऱ्याला हसू नकोस.”

रीस आमचा सेक्शन कमांडर, तिथल्याच खोऱ्यात वाढलेला. त्याचा नियम एकच: सुके कपडे फक्त स्लीपिंग बॅगमध्ये. दिवसभर ओल्यात चालायचं, झोपताना सुके चढवायचे, सकाळी ते काढून पुन्हा तीच थंडगार ओली पँट. ती चढवताना प्रत्येक जण आपापल्या मातृभाषेत रीसचा उद्धार करी. तो खूश व्हायचा. म्हणायचा, “म्हणजे सगळे जिवंत आहेत.”

नोव्हेंबरच्या एक्सरसाइजमध्ये ओढा ओलांडताना फिजीचा धिप्पाड प्रायव्हेट जोने पाण्यात पडला; त्याला ओढून काढताना रीसही कमरेपर्यंत भिजला. जोनेच्या सॅकमध्ये पाणी शिरलं, त्याचे सुके कपडेही भिजले. बर्फ नव्हता. कोरड्या बर्फात माणूस तग धरतो. ओलं अंग आणि वारा एकत्र आले की धरत नाही. जोनेचे ओठ निळे पडले. रीसने स्वतःची सॅक उघडली.

“घाल.”

“कॉर्पोरल, दिवसा?”

“ऑर्डर आहे. आणि माझी पँट उसवलीस तर बघ, हत्ती.”

जोनेने कपडे बदलले. रीस ओल्यातच पुढे चालत राहिला. ढग खाली उतरला, वारा वाढला. हळूहळू रीसची बडबड बंद झाली. मग तो थांबला आणि जॅकेटची चेन उघडू लागला.

“गरम होतंय,” म्हणाला.

थंडी जिवावर उठली की माणसाला उकडू लागतं. हे त्यानेच आम्हाला शिकवलं होतं.

आम्ही त्याचे ओले कपडे काढून त्याला स्लीपिंग बॅगमध्ये घातलं. ऊब द्यायला जोने त्याला मिठी मारून पडला. मी रेडिओ घेतला.

“एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर हवं. ओव्हर.”

“ढग फार खाली आहेत. हेलिकॉप्टर येऊ शकत नाही. रस्त्यापर्यंत आणा. ओव्हर.”

आणलं. स्ट्रेचरचा पुढचा दांडा जोनेने शेवटपर्यंत कुणाला दिला नाही. खाली अॅम्ब्युलन्स उभी होती. डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केले. कॉर्पोरल रीस गेला.

दर नोव्हेंबरला आम्ही त्या डोंगरावर जातो. रीसची आई येते आणि जोनेचा हात धरून उभी राहते. दर वर्षी पाऊस असतो. यंदा आम्ही मौन पाळत असताना ढग फाटले, वारा पडला, सगळ्या उतारावर ऊन पसरलं. कुणी हललं नाही. म्हातारीने मान वर केली आणि थेट सूर्याकडे बघत मोठ्याने म्हणाली,

“आत्ता आलास होय?”